कळवल्याची वेळ

दिनांक १४, शनिवार, सकाळ

जाऊबाईंना वरच्या घरचा नमस्कार.

त्या सकाळी मी आधी यांच्या कपाळावरची ओली घडी बदलली. मग स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, रात्रीची दोन भांडी विसळली, कोंबड्या सोडल्या, ठाण्याच्या खोलीची फरशी पुसली आणि बॅटरी घेऊन नदीच्या पायऱ्या उतरले. पत्राची सुरुवात अशी कोणी करत नाही, हे मला कळतं. आधी क्षेमकुशल, मग हवापाणी, मग कामाचं. तुमची तीन पत्रं तशीच आली. तिन्हींत तुम्ही आधी माझ्या तब्येतीची चौकशी केलीत, आणि विचारायचं ते शेवटच्या ओळीत विचारलंत. मी एकालाही उत्तर दिलं नाही. तब्येत बरी आहे. हे गेल्या थंडीत गेले, ते तुमच्या कानावर आलंच असेल. कोंबड्या विकल्या. नवा मोजणीदार आला की घर सोडायचंय, पण अजून कोणी येत नाही.

आपण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, तरी वीस वर्षं जाऊबाई म्हणत आलो. हे तुमच्या यजमानांना भाऊ म्हणायचे, म्हणून ते माझे भावजी आणि तुम्ही माझी धाकटी जाऊ. एवढं नातं जमायला एक तार पुरली. सीमेच्या अलीकडे, वरच्या अंगाला आमचं नदीचं पाणी मोजायचं ठाणं. सीमेपलीकडे, खालच्या अंगाला तुमचं. मधला फोन दुसरीकडे कुठेच लागत नव्हता आणि त्यावर काय बोललं गेलं याची कुठेच नोंद राहत नव्हती. सकाळी सहाला आम्ही नदीतल्या मोजपट्टीवरची पातळी खाली सांगायची. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी आमच्या पट्टीवर चढायचं आणि अडीच तासांत तुमच्याकडे पोचायचं. आकडा मोठा असला की भावजी भोंगा वाजवायचे आणि पात्रातली माणसं वर यायची. सव्वासहापर्यंत वरून फोन आला नाही, तर खालून करायचा. दोन देशांच्या कराराचा जीव एवढाच. बाकी बत्तीस कलमं आहेत, ती मी वाचलीत. मला शाळा नव्हती. पट्टीवरचे आकडे वाचता वाचता मी अक्षरांपर्यंत आले, मग नोंदवही वाचली, मग कपाटातला करार, कारण घरात वाचायला तिसरं काही नव्हतं. त्यात 'पक्ष' हा शब्द चौऱ्याऐंशी वेळा येतो.

भावजी रोज विचारायचे, ‘काय वहिनी, आज किती उष्टं पाणी पाठवताय?’ हे आतून ओरडायचे, ‘त्याला सांग, पाय धुऊन पाठवतोय.’ हसायचं, आकडा सांगायचा, त्यांनी तो पुन्हा म्हणायचा, फोन खाली. दोनदा लढाई झाली. पुलावरची वाहतूक बंद झाली, टपाल बंद झालं. आकडा थांबला नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या कोर्टाला नाही. पायऱ्या ब्याण्णव होत्या आणि यांच्या गुडघ्यांना त्या झेपत नव्हत्या. शेवटची चार वर्षं पट्टी मीच वाचायची, फोनही बहुतेक मीच करायची. वहीत सही मात्र यांची, कारण नोकरी यांची. मोजणीदाराच्या बायकोने पट्टीला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

आमच्या लेकाबद्दल तुम्ही दुसऱ्या पत्रात फक्त एक ओळ लिहिलीत. बरं केलंत. त्याला सगळे पाणकावळा म्हणायचे, कायम पाण्यात असायचा म्हणून. त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं, प्रवाहाने होडीने सीमेची मधली खूण ओलांडली आणि तुमच्याकडच्या गस्तीने त्याला उचललं. इथल्या कचेरीत म्हणाले, पत्रव्यवहार चालू आहे. तिथल्या कचेरीत म्हणे, पत्रव्यवहाराची वाट पाहतोय. नवव्या दिवशी मी आकडा सांगून झाल्यावर विचारलं.

‘भावजी, आमचा पोर तुमच्या गस्तीच्या ठाण्यात ठेवलाय म्हणतात. जिवंत आहे का, तेवढं सांगा.’

ते म्हणाले, ‘आकडा पुन्हा सांगा.’

मी पुन्हा सांगितला. त्यांनी तो म्हटला आणि फोन ठेवला. त्यानंतर उष्ट्या पाण्याची चौकशी कधी झाली नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी पुलावर त्याचा देह मिळाला. मधल्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत तुमच्या माणसांनी आणला, तिथून आमच्या माणसांनी उचलला. पावती दोन प्रतींत होती. कारण: ताप. अंगात एक तपकिरी स्वेटर होता, दोन बटणं वेगळ्या रंगाची. तो आमचा नव्हता. मला वाटलं, कोणाचं तरी टाकलेलं अंगात घालून थट्टा केली. जाळावासाही वाटला नाही. मी त्याची फरशी पुसायची चिंधी केली. पहिल्या परिच्छेदात जी फरशी पुसली म्हणाले, ती याच चिंधीने.

तुमचं तिसरं पत्र गेल्या महिन्यात आलं. तुम्ही सहज लिहिलं होतंत, म्हणजे मला दुखवायला नाही, की भावजी कोठडीत दोनदा जाऊन आले, दुसऱ्या वेळी तुमच्या हातचा तपकिरी स्वेटर देऊन आले, आणि त्याबद्दल त्यांना गस्तीच्या ठाण्यात कानफटात खावी लागली. की मी विचारलं त्या सकाळी त्यांच्या शेजारी गस्तीचा माणूस बसून ऐकत होता. ते वाचून मी पत्राची घडी घातली आणि भाजी चिरली. रडले वगैरे नाही. चिंधी मोरीत होती. ती तशीच आहे.

आता त्या सकाळचं. लेक जाऊन पाच महिने झाले होते. हे तापाने फणफणले होते. मी ब्याण्णव पायऱ्यांपैकी सत्तर उतरले आणि पुढच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पट्टीवर चार मीटर पंच्याहत्तर. एरवी दोन दहा असायचे. मी वर आले, पातळी वहीत लिहिली, फोनजवळ स्टूल ओढून बसले. सहा वाजले. मी फोन उचलला नाही.

खोटं का लिहू? विसरले नव्हते, घाबरले नव्हते. पाणी खाली पोचेल तेव्हा भावजीसुद्धा पट्टी वाचायला पायऱ्यांवर असतील, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते मनात राहू दिलं. मला सतरा माणसं नको होती. मला एकच माणूस हवा होता.

सव्वासहाला खालून फोन वाजला. म्हणजे त्यांनी नियम पाळला. अकरा वेळा वाजला. थांबला आणि पुन्हा नऊ वेळा वाजला. मी चहा घेत होते. तो फोन महिन्यातून दोनदा तरी मरायचा, त्यांना तसंच वाटलं असणार. घरी गेले तेव्हा यांनी विचारलं, ‘कळवलंस?’ मी म्हणाले, ‘कळवलं. भावजी हो म्हणाले.’

साडेआठला तुमच्या पात्रात खडी काढणारी सतरा माणसं वाहून गेली. भावजी त्या वेळी खोलीत होते, कोरडे.

पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मी यांच्याकडून ऐकलं. हे खास परवाना काढून पूल ओलांडून तुमच्या कोर्टात गेले, कारण वही पुरावा होती आणि वहीवर सही यांची. फोन बायकोने केला असं सांगितलं असतं तर नियम मोडला म्हणून नोकरी गेली असती, माझ्यावर बोल आला असता. म्हणून यांनी शपथेवर सांगितलं की फोन आपण स्वतः केला. आयुष्यात एकदा खोटं बोलले, तेही बायकोचं बोलणं खरं धरून. भावजी तोवर सांगत होते की फोन आला नाही, उलट आपणच केला, वीस वेळा वाजला. त्यांना पिंजऱ्यातून यांना एक प्रश्न विचारू दिला.

‘भाऊ, तू केलास फोन?’

‘केला.’

भावजींनी यांच्याकडे नुसतं पाहिलं म्हणे. मग न्यायाधीशांना म्हणाले, ‘हा खोटं बोलत नाही, साहेब. मग माझंच डोकं फिरलं असणार. लिहून घ्या.’

भावजींना आठ वर्षं. हे घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, ‘त्याने झोपेत ऐकला असेल गं. पण मान्य केलं, माणूस सरळ.’ मरेपर्यंत मित्राला क्षमा करत राहिले. शेवटच्या आठवड्यात मी दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा औषधाची वेळ झाली.

तुम्ही लिहिता, नळावर बायका तुमचा हंडा बाजूला सरकवतात. भेटीला गेलात की भावजी गजांतून एवढंच विचारतात, फोन आला का. त्या सकाळी फोन केला होता का, हेच तुम्ही तिन्ही पत्रांत मला विचारलंत. त्यांचं एक फुप्फुस निकामी झालंय आणि अपिलाची तारीख येत्या वीसला आहे. म्हणून मी गेल्या सोमवारी पुलावरच्या संयुक्त समितीच्या खोलीत गेले. खोलीला दोन दारं आहेत, एक आमच्या बाजूला, एक तुमच्या. टेबल बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर ठेवलंय. आमचे साहेब आणि तुमचे साहेब एकाच डब्यातली बिस्किटं खात होते. मी उभ्यानेच सांगितलं की वही खोटी आहे.

आमच्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि समजावलं. दोन्ही सरकारांनी अहवालावर सह्या केल्यात: वरून आकडा वेळेत गेला, खालच्या मोजणीदाराने हलगर्जी केली. वरच्यांची चूक नाही, खालच्या सरकारचीही नाही, एका माणसाची. म्हणून बोलणी पुन्हा सुरू झाली, म्हणून पूल उघडला. नव्या करारात यंत्रं बसणार, माणसाने आकडा सांगायची गरजच उरणार नाही.

‘आता तुम्ही म्हणता फोन गेलाच नाही,’ साहेब म्हणाले. ‘मग सतरा जणांचं उत्तर आम्ही द्यायचं. तुम्ही देणार का, मावशी?’

मी म्हणाले, देईन.

तुमच्याकडचे साहेब हसले, वाईट हसले नाहीत. ‘बाई, एक मोजणीदार आत आहे म्हणून दोन देश एका टेबलाला बसलेत. त्याला बाहेर काढलंत, तर टेबल उचलावं लागेल. बिस्कीट घ्या.’

मी घेतलं. खाल्लंही. मग शहरात वकिलाकडे गेले आणि जबानी लिहून दिली. ती सोबत जोडली आहे, सहीशिक्क्यासह, दोन प्रती. एक तुमच्या वकिलांना द्या, एक जपून ठेवा. साहेबांना विचारू नका.

पण त्या जबानीत एक खोटं आहे, म्हणून हे पत्र. वकिलाने विचारलं, वहीतल्या ‘खाली कळवल्याची वेळ’ या रकान्यात वेळ कशी आली? मी म्हणाले, सवयीने, त्याच सकाळी, हात चालला. त्याने मान डोलावली, म्हणाला, मग ही चूक ठरते, बनावट नाही, तुम्हाला फार होणार नाही. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. पण चूक म्हटलं तर तुमचं कोर्ट म्हणेल, म्हातारी गोंधळली, फोन केलाही असेल. आणि भावजी आतच राहतील. तेव्हा जबानीबरोबर हे पत्रही न्यायाधीशांना वाचायला द्या. अक्षर माझंच आहे, वहीशी ताडून पाहू देत.

माफी मागत नाही. मागितली की द्यायची का नाही हे ओझं तुमच्यावर येतं, आणि तुम्ही भल्या आहात, तुम्ही द्याल.

त्या दिवशी तो रकाना कोरा होता. दिवसभर कोरा राहिला. संध्याकाळी रेडिओवर आधी नऊ म्हणाले, जेवणं झाल्यावर सतरा म्हणाले, आणि खालचा मोजणीदार सुखरूप आहे, त्याची चौकशी सुरू आहे, असंही म्हणाले. मी त्या रात्री नीट झोपले. रकाना कोरा राहिला तर चौकशी वर येईल आणि भरला तर खालीच राहील, एवढं मला झोपण्याआधी समजलं होतं. वाचता येणाऱ्या बाईला समजतं.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं होतं. मी पट्टी वाचून वर आले, वही उघडली आणि आदल्या दिवसाच्या ओळीत लिहिलं: सहा वाजून दोन मिनिटं. बरोबर सहा लिहिलं नाही, कारण बरोबर सहा कोणाला खरं वाटत नाही. मग यांची सही केली.

तुमची जाऊ म्हणवत नाही,
वरच्या ठाण्यातली बाई