तेल कुठून येतंय

सोमवार, ५ फेब्रुवारी
मोटारसायकल विकायची म्हणे! मला न विचारता ह्यांनी दौंडच्या एकाला सांगूनही टाकलं. उसाची ट्रॉली घेऊन रोज तिकडे जातात, तिथेच जमवलं. तो रविवारी बघायला येणार. "पंधरा वर्सांची गाडी. रोज तेल गळतंय. पप्पू मिस्त्री म्हणतो इंजन उतरवावं लागंल. कवर वढायची?"

गाडी गेली की पहाटे साडेपाचला न्हावऱ्यातून फाट्यापर्यंत मी कशी जाणार? फाट्यावर कंपनीची बस थांबते. ती चुकली की खाडा, चार खाडे झाले की घरी बसा. त्या वेळेला एसटी नाही. नवऱ्याला हे माहीत आहे.

म्हटलं, रविवारपर्यंत गळती काढते. नाही निघाली तर विका. हे हसले.

हसू देत. सणसवाडीच्या कंपनीत चार वर्षं मी दुसरं काय करते? पार्टमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला की बाजूला. माझ्या हातून गळका पार्ट पुढे गेलेला नाही. एकही नाही. लिहून ठेवते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं. दोन तास. मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून बघत होते. बोलले एवढंच — "बाईमाणसानं हात काळं करायचं काम हाय का ह्ये?" नोकरी लागली तेव्हाही असंच म्हणाले होते, आणि मग महिनाभर बोललेच नव्हते. मी घासत राहिले.

इंजिन असं चकाकलं की शेजारच्या अनसाबाईंनी विचारलं, नवी घेतली का.

बुधवार, ७ फेब्रुवारी
सापडलं!

शिरूरचा पप्पू मिस्त्री दर वेळी खालचा बोल्ट आवळून मोकळा होतो, कारण थेंब खाली दिसतो. पण तेल वरून उतरतं, वाऱ्याने मागे जातं. दिसतं एकीकडे, येतं भलतीकडून. कोरड्या इंजिनावर तोंडाला लावायची पावडर फासली आणि फाट्यापर्यंत जाऊन आले. वर, इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेटच्या झाकणाखाली पावडर ओली. झाकण उघडलं तर आतलं रबर वाळक्या मिरचीसारखं हातात मोडलं. नवं बसवलं. एवढ्याशा रबरासाठी हा बाबा इंजिन उतरवणार होता! जुनं रबर पर्समध्ये टाकलंय, पप्पूला दाखवायला.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
परत थेंब.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
दिवसभर कामावर डोक्यात तेच. सुपरवायझरने दोनदा हटकलं.

घरी आल्यावर पुन्हा धुणं, पुन्हा पावडर, पुन्हा फाटा. टॅपेट कोरडं ठणठणीत — म्हणजे रबराचं काम मी चोख केलं होतं. या वेळी ओल निघाली ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी. इंजिन तिथून श्वास सोडतं. तिथून तेल यायला लागलं तर आत जास्त झालंय का, ते आधी बघायचं. गाडी मेन स्टँडवर घेतली, तेल मोजायची काडी काढली. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते वरच्या खुणेच्याही बोटभर वर!

जास्तीचं काढून मधोमध आणलं. पप्पूनेच ओतलं असणार. भेटू दे, चांगलं ऐकवते.

शनिवार, १० फेब्रुवारी
निघण्याआधी पातळी बघायला म्हणून आज लवकर उठले. काडी काढली — तेल पुन्हा वर! रात्रीत इंजिनाला पाझर फुटला काय? मागे वळले तर मामा गोठ्याच्या दारात, हातात नरसाळं आणि तेलाचा डबा.

"मामा, तेल तुम्ही टाकता?"

"व्हय. तू उठायच्या आत. खाली ठिबाक दिसला म्हंजी आत कमी झालं. हिरीवरच्या इंजनालाबी रोज वततच व्हतो की." मग गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, "अंधाराचं वाटंत इंजन जाम झालं तर एकली काय करशील तू?"

थेंब दिसला की हे ओतणार, ओतलं की पुन्हा थेंब. जास्तीचं तेल काढलं आणि निघाले. चार वर्षांत नोकरीबद्दल एक चांगला शब्द नाही, आणि रोज पहाटे हे! बसमध्ये रडू आलं. संध्याकाळी काडी कशी बघायची ते त्यांना दाखवलं. त्यांनी ती पुसून पुसून तीनदा बघितली.

रविवार, ११ फेब्रुवारी
रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला होता. सकाळी कोराच्या कोरा. दौंडचा माणूस आला, चहा पिऊन गेला. गाडी राहिली.

ह्यांनी विचारलं, "काय झालतं मग?"

"एक रबर गेलं होतं," म्हटलं. खोटं नव्हे, पण अर्धंच. खरी हुशारी तर ब्रीदर पकडण्यात होती, ती सांगायला जीभ वळवळत होती. गिळली. मामा मान खाली घालून तंबाखू मळत होते.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
संध्याकाळची वेळ. आम्ही तिघं डेअरीवर दूध घालायला. रांगेत दहा-बाराजण. मामांनी आपणहून सुरुवात केली — "गाडीत तेल म्याच जास्ती वतत व्हतो. मिस्त्री इंजन उतरवाय निघालता. आमच्या सुवर्णानं हुडकलं, आन् माझी चूक झाकायला घरात खोटं बोलली. कंपनीवाल्यांनी तिला उगं न्हाई ठिवली."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी कॅन धरून उभी. पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.