साहेबांना सांगितलेलं आजारपण

प्रिय अहो,

राणीसावरगावच्या खोलीवर जेवलात की पुन्हा चिवड्यावर भागवलंत, हे मी आता विचारत नाही. विचारलं की तुम्ही चिडता. इकडे सेलूत कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात, गल्लीत धूळच धूळ. घरात मी आणि टीव्ही. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तोच.

परवा बाजारात सांबप्पा भाऊजींच्या वैजयंतीवहिनी भेटल्या. तुमच्याच कृषी कार्यालयातले ते, म्हणून त्यांना सगळी खबर. माझा हातच धरला त्यांनी. "लय सोसलं बाई तुमी. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हनं, अन् लगेच पिशव्या उचलायलाव?" मग काय, तुमची लाज राखायला पोटावर हात धरून, वाकून चालले कोपऱ्यापर्यंत. वळल्यावर हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

तुम्ही आधी असे नव्हता. कृषी सहायक झालात तेव्हा शिवार पायी तुडवायचात, कुठल्या बांधावर कोणी चहा पाजला ते घरी आल्यावर रंगवून सांगायचात. मग आदेश यायला लागले. पावसाने पीक गेलं की प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्याच शेतात उभं करून फोटो काढायचा, तोही सगळ्या गावांचा, आजच्या आज. हे एका माणसाने होणार नाही, असं तुम्ही बैठकीत सरळ सांगितलंत, तर साहेबांनी बैठक संपेपर्यंत सगळ्यांदेखत उभं ठेवलं. त्यानंतर तुम्ही खरं बोलणंच सोडलंत. आदेश आला की 'बायको दवाखान्यात आहे, साहेब' असा तुमचा फोन जायचा. आधी मला ताप आला, मग टायफॉइड, मग पित्ताशय. तुम्ही एकटेच नाही म्हणा. तुमच्या कार्यालयातल्या चंद्रभान भाऊजींच्या सासऱ्यांचा पाय तर दर पंचनाम्याला मोडतो. आपण किती हसायचो! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी ती नोकरी, म्हणून मीही साथ दिली.

सोमवारी मी एकटीच परभणीला जाऊन आले. बरेच दिवस पोटात दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात गाठ आहे, काढावी लागेल. तिथल्या बाकावरूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही शिवारात होतात, मागे कोणीतरी ओरडत होतं. मी गाठ म्हणाले आणि तुम्ही हसलात. "भारी सुचलं तुला! पन आत्ता नको, हरभऱ्याच्या पाहणीला राखून ठेव," म्हणालात आणि फोन ठेवलात. रागही आला नाही हो, इतकं एकटं वाटलं. पुन्हा फोनवर सांगितलं तरी तुम्हाला तो बहाणाच वाटणार, म्हणून कागदावर लिहितेय. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. साहेबांकडे रजा मागू नका, त्यांना हे खरं वाटणार नाही. तसेच या. मला फार भीती वाटतेय.

तुमचीच,
राजेश्री