अठ्ठाविसावी चूल

फुएन्तेलोबो,
१४ फेब्रुवारी १९७१

चि. सातुरिओ यास ब्राउलिया वहिनीचे अनेक आशीर्वाद.

नाताळला पाठवलेला बदामाच्या वड्यांचा डबा पोचला. दात तीनच उरलेत, पण वड्या संपल्या. बिल्बाओत तुझी कारखान्यातली पाळी बदलली का? खोकल्याचं तू काही लिहीत नाहीस, म्हणजे तो आहे.

इथे बर्फ गुडघाभर आहे. तुझा भाऊ हेर्वासिओ गेल्याला मार्चात, सेंट जोसेफच्या सणाला, तीन वर्षं होतील. डुक्कर यंदा मारलं नाही. एकटीला पूर्ण डुक्कर कशाला, आणि अर्धं कोणी पाळत नाही.

आता कामाचं. सोरियाहून सरकारी कागद आलाय. आपलं गाव फार लहान झालं, सत्तावीस चुली उरल्या, तेव्हा ते तोर्रेमाताच्या नगरपालिकेत मिसळावं, असं वरच्यांना वाटतं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी गावसभा भरेल, आणि चूल पेटणाऱ्या प्रत्येक घराचा एक हात मोजला जाईल. सरपंच एमेतेरिओ मिसळायच्या बाजूचा आहे. नळ येईल, डांबर येईल, असं तो दारोदार सांगतोय. त्याला स्वतःला तोर्रेमाताच्या सभागृहात खुर्ची मिळणार आहे, ते तेवढं सांगत नाही. पाइनचं रान मात्र तोर्रेमाताला जाईल. हेर्वासिओने त्या रानात चाळीस वर्षं घातली, ते तुला ठाऊक आहे.

गावाचे जुने कागद पेटीत आहेत. पेटीला तीन कुलुपं. एक किल्ली सरपंचाकडे, एक पाद्री हिलारिओंकडे, आणि तिसरी तुमच्या घराण्याकडे. तुझ्या भावाला पुरल्यावर मंडळी म्हणाली, बाईने किल्ली ठेवायची रीत नाही, आणि तू ती खिशात घालून बसमध्ये बसलास. आता म्हणते, ती पाठव.

तुझी माया आहे हे मला माहीत आहे. ती किल्लीसकट पाठव.

ब्राउलिया

—

बिल्बाओ,
२८ फेब्रुवारी १९७१

ती. ब्राउलिया वहिनींस, सा. न. वि. वि.

किल्ली सोबत पाठवतो आहे. लोकरीच्या मोज्यात बांधली आहे, मोजाही तुम्हालाच. दुसरा मोजा पुढच्या पार्सलात, म्हणजे मला पत्र लिहायला कारण राहील.

ही किल्ली तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. वीतभर लांब लोखंड बघून शेजारी विचारायचे, गावाकडे किल्ला आहे का. मी सांगायचो की आहे, आणि त्यात उंदीर राज्य करतात.

वहिनी, राग मानू नका, पण कशासाठी एवढा जीव टाकता? मी गाव सोडलं तेव्हा नव्वद चुली होत्या. आता सत्तावीस म्हणता, त्यातल्या निम्म्या खोकणाऱ्यांच्या. इथे माझ्या चौथ्या मजल्यावर नळ फिरवला की गरम पाणी येतं. तुम्ही या वयात बर्फ फोडून हौदातून पाणी आणता. एमेतेरिओ लबाड आहे, त्याचा बापही होता, पण नळ हा नळच असतो.

तरी तुम्ही मागितली म्हणून किल्ली पाठवली. खोकला बरा आहे, म्हणजे आहे तिथेच आहे.

तुमच्या रागातही मला जागा असू द्या.

सातुरिओ

—

फुएन्तेलोबो,
२८ मार्च १९७१

चि. सातुरिओ यास अनेक आशीर्वाद.

मोजा माझ्या पायाला मोठा आहे, पण उबदार आहे.

पेटी उघडली. तिघांनी एकदम किल्ल्या फिरवायच्या असतात. तुमच्या घराण्याची मी फिरवली, तेव्हा एमेतेरिओ दुसरीकडे बघत होता. उंदरांनी काही खाल्लेलं नाही. चौदा दिवस दुपारभर मी पाद्री हिलारिओंच्या ओसरीत बसून वाचते आहे. जुनं अक्षर कोळ्याच्या पायांसारखं आहे, पण मी वाचायला शिकले तीच मुळी तशी. प्रार्थना पाठ होत्या, पुस्तकातले शब्द त्यांच्याशी जुळवत गेले. इथेही तेच. एमेतेरिओ, एलादिओ, ब्राउलिया, ही नावं चारशे वर्षं तीच आहेत. नावावरून अक्षर सापडतं.

गुरं पाणी पितात तो अक्षरांचा दगड रोमन लोकांच्या रस्त्यावरचा आहे, हे तर तुझ्या आजोबांनाही माहीत होतं. घेवड्याला पाणी देतो ते पाट पूर्वीच्या मुसलमान मूरांनी खणले. हे मात्र मला नव्हतं माहीत. राजाने कागद दिला त्यात लिहिलंय की पूर्वी होते त्यांचे पाट बुजवू नयेत. त्यांना हाकललं आणि पाट ठेवले. १५९९ साली प्लेग आला. त्या पानावर अक्षर अर्ध्यात बदलतं. लिहिणारा गेला, दुसऱ्याने त्याच ओळीत पुढे लिहिलं. शेवटी म्हटलंय, अकरा चुली उरल्या. फ्रेंच आले तेव्हा त्यांनी घंटा वितळवली, मग चाळीस वर्षं पातेलं बडवून सभा बोलावत होते. आणि सरकारने आपलं रान विकायला काढलं तेव्हा सगळ्या गावाने बैल विकून आपलंच रान परत घेतलं. त्या वर्षी बायकांनी नांगर ओढले. त्यांची नावं नाहीत, नुसतं ‘बायकांनी’ आहे.

किल्ल्यांची एक वेगळी वही आहे. किल्ली कोणाकडून कोणाकडे गेली आणि का, हे तीनशे वर्षांचं त्यात आहे. वारला. म्हातारा झाला. अमेरिकेला गेला. वेड लागलं. २३ ऑगस्ट १९३६ ला, यादवी सुरू झाली त्या उन्हाळ्यात, लिहिलंय: तिसरी किल्ली एलादिओकडून त्याचा मुलगा हेर्वासिओ याच्याकडे. कारणाच्या रकान्यात काही नाही. सगळ्या वहीत तो एकच रकाना रिकामा आहे. तुझ्या वडिलांबद्दल पत्रात याहून जास्त लिहीत नाही.

आता ऐक. १५४२ चा गावाचा कायदा सापडला. त्यात म्हटलंय की परगावी राहणारा माणूसही सभेच्या दिवशी त्याच्या धुराड्यातून धूर निघत असेल आणि तो स्वतः हजर असेल, तर पूर्ण रहिवासी धरावा. मी घरं मोजली. बाराजण एमेतेरिओबरोबर आहेत, ते हलायचे नाहीत. आपल्या बाजूला नऊ पुरुष आणि आम्ही सहा विधवा. पण त्या म्हाताऱ्या घाबरतात. तिघी आल्या तरी खूप. म्हणजे बाराच. मला एक हात कमी पडतो.

तू ये. रविवार, २ मे. सोरियाची बस साडेअकराला येते. तुझ्या घराची चूल मी सकाळीच पेटवून ठेवीन.

इतक्या वर्षांत काही मागितलं नाही, म्हणून यावेळी आशीर्वादाबरोबर मागणंही लिहिते.

ब्राउलिया

—

बिल्बाओ,
१३ एप्रिल १९७१

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

येतो. दोन दिवसांची रजा टाकली आहे. फोरमन म्हणाला, गावात लग्न आहे का. मी म्हटलं, गावाचं लग्न मोडायचं आहे.

ते धुराड्याचं वाचून मी आणि तुमची धाकटी जाऊ मेर्चे खूप हसलो. पंचवीस वर्षं इथे घाम गाळून मी बिल्बाओचा झालो नाही, आणि तिथे मूठभर काटक्या पेटवल्या की फुएन्तेलोबोचा होतो. धुराड्यात पाखरांची घरटी असतील, आधी काठी घाला, नाहीतर मतदाराआधी वहिनी गुदमरायच्या.

एक सांगतो. एमेतेरिओसमोर तो कागद सगळा वाचू नका. आपल्या कामाचं तेवढं वाचा, बाकी पान उलटा. तो तेच करतो आणि म्हणून सरपंच आहे.

किल्ल्यांच्या वहीतलं तुम्ही लिहिलंत ते मी एकदाच वाचलं. पत्र मेर्चेकडे ठेवायला दिलं आहे.

भेटीत उरलेलं बोलू. तोवर कोंबडं जिवंत असू द्या.

सातुरिओ

—

फुएन्तेलोबो,
३ मे १९७१

चि. सातुरिओ यास आशीर्वाद.

तू खुशाल आहेस ना, एवढं आधी कळव. बस आली, तू त्यात नव्हतास. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला सोरियाला या नावाचं कोणी चढलं नाही.

काल काय झालं ते लिहिते. सभा चर्चच्या पडवीत भरली. अकराला घंटा झाली. तुझ्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. एमेतेरिओने तो पाहिला आणि विचारलं की त्या घरात कोण मेलंय का. लोक हसले. मी म्हटलं, मालक साडेअकराच्या बसने येतोय, आणि कायद्याने त्याचा हात धरावा लागेल. तो म्हणाला, कुठला कायदा. मग मी कागद काढला.

तू सांगितलं होतंस, सगळं वाचू नका. पण धुराचं कलम एकटं वाचता येईना. त्याच्या वरच्या ओळीत, जी मी तुला लिहिली नव्हती, म्हटलंय की विधवा ही अर्धी रहिवासी धरावी, पाइनच्या वाट्याला आणि सभेतल्या हाताला. कागद एमेतेरिओच्या डोळ्यांसमोर होता. पान उलटलं असतं तर त्याने ते माझ्या हातून घेऊन वाचलं असतं, आणि मग धुराचं कलमही कोणी खरं मानलं नसतं. मी दोन्ही वाचली. मला वाटलं, आमचे हात अर्धे धरले तरी तू पूर्ण येशील.

एमेतेरिओने टोपी काढली. म्हणाला की ब्राउलियाताईंचे उपकार मानावे तेवढे थोडे, पूर्वजांचा कायदा अक्षरशः पाळायचा. बस येईपर्यंत थांबू, असंही तोच म्हणाला. बस आली आणि गेली. मग हात वर झाले.

सातुरिओ, सहाही जणी आल्या होत्या. काठ्या टेकत, काळ्या शाली घेऊन, सगळ्या. सहा हात वर झाले आणि चिटणिसाने तीन लिहिले. नऊ आणि तीन बारा. तिकडे बारा. बरोबरी झाली तर सरपंचाचा शब्द शेवटचा, हेही त्याच कागदात आहे.

मी काही वाचलंच नसतं तर पंधरा होते.

कोंबडं कापलं नाही. तुझी खुशाली कळव.

ब्राउलिया

—

बिल्बाओ,
१६ मे १९७१

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

मी आजारी नव्हतो. मेर्चे म्हणते आजारी होतो असं लिही. तसं लिहिता येत नाही.

सोरियापर्यंत आलो होतो. शनिवारी खानावळीत राहिलो. रविवारी बसस्थानकावर गेलो, नवा सदरा घालून. बस उभी होती. पाय पायरीवर ठेवला होता. मग मला आठवलं की मला त्या पडवीत उभं राहून हात वर करायचा आहे, गाव वाचवायला. वहिनी, मी तेरा वर्षांचा होतो. वडिलांना त्या पडवीसमोरूनच नेलं, उजाडत होतं, आणि नव्वद घरांच्या नव्वद खिडक्या बंद होत्या. एकही उघडली नाही. नंतर कोणी आईला विचारलंही नाही. तुम्ही लिहिलंत ना, कारणाचा रकाना रिकामा आहे. तो त्या गावाने रिकामा ठेवला. त्याचं नाव पुसलं गेलं तर मी का रडावं?

बस गेली. मी बाकावर बसून राहिलो. अर्ध्या तासात मला कळलं की गावाला नाही, तुम्हाला सोडलं. तोवर दुसरी बस नव्हती.

एका हाताने झालं असतं हे मला मोजता येतं. माफी मागत नाही, ती देताना तुम्हालाच त्रास होईल.

पत्र पाठवलं नाहीत तरी तुमचा धाकटा दीर आहे, एवढं राहू द्या.

सातुरिओ

—

फुएन्तेलोबो,
२० जून १९७१

चि. सातुरिओ यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून चुलीत घातलं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. खिडक्या बंद होत्या. आमचीही होती, माझं तेव्हा लग्न झालं नव्हतं, आणि माझ्या बापाने आडणा घातला होता. हे मी हेर्वासिओला लग्नाआधी सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे. परत तो विषय झाला नाही. तुला आज सांगते.

पण एक तुला माहीत नाही. त्या सहा जणींतल्या दोघींचे नवरे तुझ्या वडिलांबरोबर त्याच गाडीत होते. फिलोमेना आणि थोरली कासिल्दा. ज्या गावाने त्यांच्यासाठी खिडकी उघडली नाही, त्याच्यासाठी त्यांनी हात वर केले, आणि ते हात अर्धे धरले गेले. घरी जाताना मी फिलोमेनाला विचारलं, का आलीस. ती म्हणाली, आपण सगळे तोर्रेमाताचे झालो तर तिथल्या चिटणिसाला सांगणार कोण, तो कुठे पडलाय ते. ती जागा फक्त आपल्यालाच माहीत आहे. मग म्हणाली, संधिवात आहे, हात फार वेळ वर ठेवायला लावलास.

मंगळवारी तोर्रेमाताचा ट्रक पेटी न्यायला आला. त्याआधी सगळे कागद मी होते तसे आत ठेवले, १५४२ चाही. खूप वाटलं की तो ठेवू नये. ठेवला. किल्ल्यांच्या वहीत मात्र दोन ओळी लिहिल्या. पहिली जुनी आहे, तिच्या रिकाम्या रकान्यात तीन शब्द लिहिले: पहाटे नेलं, मारलं. खाली तिघांची नावं लिहिली आणि जागा. फिलोमेनाने सांगितली, मी लिहिली. दुसरी ओळ नवी: तिसरी किल्ली ब्राउलिया, विधवा, हिच्याकडून सातुरिओकडे, बिल्बाओ. कारण: गाव संपलं. मग तिन्ही कुलुपं लावली.

ट्रकवाल्याने किल्ल्या मागितल्या. एमेतेरिओने त्याची दिली, पाद्री हिलारिओंनी त्यांची दिली. मी सांगितलं की तिसरी टपालात आहे. एमेतेरिओ म्हणाला की मग पेटी फोडावी लागेल. मी म्हटलं, फोडा. आणि फोडलीत की आधी ती वही वाचा, मोठ्याने, सगळी, पान न उलटता.

किल्ली सोबत आहे. तुझ्याच मोज्यात बांधली आहे. त्या खिळ्याला परत लटकव. कोणी विचारलं तर आता किल्ला आहे म्हणू नकोस.

त्या रविवारी तुझी चूल मी संध्याकाळपर्यंत विझवली नाही. लाकूड आत घातलेलं होतं, वाया कशाला घालवावं. धुराड्यात घरटं नव्हतं.

खोकल्याला मध घे. दुसरा मोजा अजून आला नाही.

वहिनी