भिंतीपलीकडची ताटली

अल्लाहच्या नावाने. मी, मबरूका बिन्त तय्यिब, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार स्फाक्स, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले, पण डोके शाबूत आहे. सून शंका काढील म्हणून डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे.

घर माझ्या कमाईचे. रस्त्याकडची खोली वगळून ते माझा एकुलता मुलगा मुनजी यास मिळेल. शिलाई मशीन सुनेला. "हे भंगार कोण घेणार?" म्हणते ती, याच भंगारावर तिचा नवरा शिकला. दीर बशीर यास काहीही देऊ नये. रोज कॅफेत बसून देशाचे दिवाळे निघाल्याचे सांगतो, आणि रवा मिळेनासा झाला तेव्हा स्वतः पोती दडवून बसला होता. त्याला माफ केले आहे, पण द्यायचे काही नाही.

रस्त्याकडची खोली शेजारीण वसीला हिला. आमच्या कायद्याने वारसांबाहेर मिळकतीचा तिसरा हिस्सा देता येतो; खोली त्याहून लहानच आहे. कारण लिहिते.

वसीला जनमताच्या पाहणीसाठी दारोदार फिरायची. घर कसे चालले आहे, देश कसा चालला आहे, हेच विचारायची. माझा नवरा वारला त्या वर्षी माझ्याकडेही आली. मी सगळ्यांसारखेच सांगितले, "देशाचं काही खरं नाही. आमचं बरंय, हम्दुलिल्लाह."

"अगं बाई," ती हसली, "गल्लीतली सगळी घरं मजेत आणि देश तेवढा बुडतोय! मग बुडतंय तरी कोण?"

बोलता बोलता तिची नजर फळीवर गेली. तिची निळी ताटली तिथे कधीची पडून होती. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, ही आमची रीत. आणि तीत घालायला माझ्याकडे मूठभर रवाही नव्हता. तिने उत्तर मी सांगितले तसेच लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी भिंतीवरून ओरडली, "मबरूका, माझी ताटली दे गं! रिकामीच दे, पाहुणे आलेत!"

संध्याकाळी ताटली रव्याच्या कुसकुसने भरून परत आली. "उरलं बघ. पाहुणे मेले खातच नाहीत!" पाहुणे आलेच नव्हते. माझे शिवणकाम मार्गी लागेपर्यंत ती त्या पाहुण्यांना शिव्या घालत राहिली, आणि आम्ही मायलेक पोटभर जेवलो. तिचे उपकार फिटणारे नाहीत, मला ते फेडायचेही नाहीत.

आता तिला पेन्शन पुरत नाही, आणि घरमालक घर रिकामे कर म्हणून मागे लागला आहे. विचारले तर म्हणते, "बरंय गं, हम्दुलिल्लाह." पण रमजानात तिच्याकडे गेलेली माझी ताटली अजून परत आलेली नाही.

खोली देऊ केली तर ती नाहीच म्हणेल. तेव्हा मुनजी, माझे चाळिसाव्याचे जेवण झाले की भिंतीवरून मोठ्याने ओरड, "वसीलामावशी, आईची ताटली द्या! रिकामीच द्या, पाहुणे आलेत!" मग तीत कुसकुस भर, वर खोलीची किल्ली ठेव आणि परत पाठव.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: मबरूका बिन्त तय्यिब

साक्षीदार: अब्दुलकादिर, बेकरीवाले; नूरुद्दीन, मशिदीचे मुअज्जिन

स्फाक्स, सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४