तिसऱ्या यंत्राची जागा

साहेब, परवा भरदुपारी, संस्थेच्या चार पदाधिकाऱ्यांसमोर, मी चालत्या सर्व्हरची वायर ओढून काढली. अध्यक्ष खुर्चीतून उठले. "अहो मॅडम, चालू हाये ना ते!" मी म्हटलं, चालू आहे म्हणूनच काढली. बंद पडलेल्याची वायर काढायला मी कशाला हवी? हे वाक्य माझं नव्हे, तुमचं. पण त्या खोलीत ते ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून मी खुशाल माझ्या नावावर खपवलं.

आधी काय झालं ते सांगते. जालन्याच्या एका संस्थेने केदारखेड्याच्या दवाखान्यात पडदा बसवला आहे. गावातल्या माणसाने त्यासमोर बसायचं आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचं. हे चालवणारे दोन सर्व्हर संस्थेच्या कार्यालयात. फिती कापून झाल्या, फोटो झाले, माहितीपत्रकावर 'अखंड सेवा' असं ठळक छापूनही झालं. आणि तिसऱ्याच आठवड्यात एक धनगराची म्हातारी बोलत असताना पडदा काळा पडला. जे दुखणं तिने सुनेला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच, ते सांगायला नुकती कुठे सुरुवात केली होती. तिथल्या सिस्टरने मला फोनवर सांगितलं, "बाई, ती मला म्हणली, डाक्टर रागावले का वो माझ्यावर? अन् उठून गेली. दोनदा घरी जाऊन आले, येतच न्हाई." अखंड सेवा! छापणाऱ्याला त्या म्हातारीच्या ओट्यावर नेऊन बसवायला हवं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई, म्हणून संस्थेने मला 'जरा बघा' म्हणून बोलावलं. बघते तर दोन्ही सर्व्हरवर हिरवे दिवे, आणि सगळे त्या दिव्यांवर खूश. पहिला बंद पडला तर दुसरा काम उचलतो का, हे एकानेही करून पाहिलेलं नव्हतं.

मला टेलिफोन एक्स्चेंजमधली तुमची मशीनची खोली आठवली. गावभरच्या फोनच्या घंट्या वाजवणारं ते एक यंत्र घरघरत असतं, आणि शेजारी तसंच दुसरं, पहिलं थांबलं की आपोआप सुरू होण्यासाठी तयार. दुसरं रोज तपासून रजिस्टरात 'बराबर' लिहायचं काम नुकतंच माझ्याकडे आलेलं. कॉन्व्हेंटमधून घोटून आणलेलं माझं अक्षर सुंदर, त्यामुळे सहा दिवस मी नुसतंच लिहिलं. सातव्या दिवशी तुम्ही रजिस्टर घेऊन आलात.

"बाई, हे कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"तपासलं का?"

"कालपर्यंत तर चांगलं होतं."

तुम्ही जाऊन चालत्या यंत्राचा फ्यूज काढलात. घरघर थांबली. दुसरं यंत्र ढिम्म. मी घड्याळाकडे पाहते, तुम्ही माझ्याकडे पाहता. मग तुम्ही हळूच म्हणालात, "आत्ता गावात कुणाचा तरी बाप मरून राह्यला, अन् त्याच्या पोराच्या घरी घंटी वाजून न्हाई राह्यली. काय अक्षर हे तुमचं, बाई. बिलकुल मोत्यासारखं." आणि फ्यूज परत लावलात. शाळेतल्या नन्सनी छड्या मारल्या होत्या, त्यांचे वळ गेले. हे गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्याच खोलीची चावी तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलीत. तोवर बायकांनी टेलिफोनच्या बोर्डावर बसून 'नंबर प्लीज' म्हणायचं, फार तर रजिस्टर भरायचं, यंत्राच्या दुरुस्तीला हात लावायचा नाही असा रिवाज होता. वरिष्ठांपैकी एक म्हणाले, बाईला शॉक लागला तर? तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात, "शॉक बाई-माणूस बघून लागत न्हाई, साहेब. बेफिकिरी बघून लागतो." पुढची तीस वर्षं मी ज्या कामावर जगले, ज्यासाठी लोक मला अजून बोलावतात, ते सगळं त्या चावीने उघडलं. तुम्ही हयात होतात तोवर हे कधी तोंडावर म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू दिलं नसतं, विषय बदलला असता.

तर आता सर्व्हरचं. हे दोघे सतत एकमेकांची नाडी बघत असतात. पण दोघांमधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटतं, समोरचा मेला, आता मीच मालक. मग दोघेही एकाच वेळी कारभार करू लागतात आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून तिसरं एक लहान यंत्र लागतं, साक्षीदार म्हणून. ज्याच्या बाजूने साक्षीदार, त्याने काम चालवायचं; जो एकटा पडला त्याने गुमान गप्प बसायचं. तुम्हाला हे फार आवडलं असतं.

बदनापूरहून रोज रेल्वेने येणारी एक इंजिनियर बाई हे सगळं जोडते. दोन लेकरांची आई, कमी बोलणारी, हाताला फार नेटकी. साक्षीदारासाठी तिने अंगणापलीकडच्या गोदामात एक जुना संगणक ठेवला होता.

परवा वायर काढली आणि केदारखेड्याशी जोडलेला आमच्यासमोरचा पडदा काळा झाला. एक, दोन, तीन, वीस मोजले, काळाच. केदारखेड्याहून सिस्टरचा फोन, "बाई, गेलं वो." दुसरा सर्व्हर धडधाकट होता. पण साक्षीदार आता गोदामात नव्हता, पहिल्याच सर्व्हरच्या पोटात बसवलेला, त्यामुळे पहिल्याबरोबर तोही गेला. दुसरा एकटा पडला आणि नियमाप्रमाणे गप्प बसला. अध्यक्षांनी त्या इंजिनियर बाईकडे पाहिलं. "असं कसं केलं, मॅडम तुम्ही?" ती म्हणाली, "सॉरी सर. माझ्याकडून ऱ्हायलं."

संध्याकाळपर्यंत तिने साक्षीदार पुन्हा गोदामात नेला, वेगळ्या विजेवर. मी पुन्हा वायर काढली. सिस्टरचा चेहरा पडद्यावर थिजला, मी सहा मोजले, चेहरा हलला, आणि ती बोलतच होती, तिला कळलंही नव्हतं. मग पहिल्याची परत लावून दुसऱ्याची काढून पाहिली. तरीही चाललं.

आज ती म्हातारी आली. तिला आणायला सिस्टर स्वतः गेली होती. पाऊण तास बोलली म्हणे, शेवटी डॉक्टरांनाच दम दिला, "मधीच जाऊ नका बरं का आता." पुढच्या आठवड्यात तिला तपासणीसाठी जालन्याला आणणार आहेत. वेळेत आली, असं डॉक्टर म्हणाले.

मला दुपारपासून जेवण गेलेलं नाही. साक्षीदार गोदामातून काढून पहिल्या सर्व्हरमध्ये घालायला त्या इंजिनियर बाईला मीच सांगितलं होतं, साहेब. ती म्हणाली होती, "मॅडम, वेगळं ठेवलेलं बरं ऱ्हाईल." मी म्हटलं, त्या खटाऱ्यावर माझा भरवसा नाही, आणि तू जन्मायच्या आधीपासून मी हे काम करते. परवा तिने सॉरी म्हटलं तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते आणि चष्मा पुसत राहिले. अध्यक्ष तिचं काम काढून घ्यायचं बोलत आहेत. तिचा नंबर माझ्याकडे आहे, अध्यक्षांचाही आहे. दोघांपैकी कुणालाही फोन न करता मी इथे तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही काही विचारणार नाही.