बाहेर राहिलेली जुई

विनिपेग, १४ ऑक्टोबर २०२३

ती. देवदत्तदादास,
मालविकाचा सा. न. वि. वि.

फोनवर काही सुचत नाही, म्हणून पत्र. बाबांना मणिकर्णिकेवर नेलं तेव्हा मी पोचू शकले नाही. निदान दहा दिवसांचं सुतक तरी इथे नीट पाळावं, असं ठरवलं. बाबांच्या वेलापासून वाढवलेली माझी जुई मागच्या दारी होती. दरवर्षी थंडीच्या आधी कुंडी आत घेते. यंदा सुतकाच्या पाचव्या दिवशीच पारा शून्याखाली गेला. निनाद आत आणतो म्हणाला, मीच नको म्हटलं. देवाच्या फुलांचा वेल, सुतकात हात कसा लावायचा? सकाळी सगळा पाला काळा पडला होता. मी बघितलं आणि चहा टाकला. रडू आलं नाही, अजून येत नाही.

जुई वाचेल का, तेवढं कळव. प्रमोदिनीवहिनींना नमस्कार. माया कमी करू नकोस.

तुझी मालविका

ब्रह्मा घाट, वाराणसी, ५ नोव्हेंबर २०२३

चि. मालविकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस सुतक! पंडितांच्या घरातली ना तू? सोवळं म्हटलं की छतावर पळायचीस, आणि आता एवढी कर्मठ?

बुंध्याची साल नखानं खरवड. आत हिरवं असेल तर जीव आहे. वाळलेलं छाट, कुंडी गार पण गोठणार नाही अशा जागी ठेव, पाणी महिन्यातून एकदा. आई गेली तेव्हा बाबा दुसऱ्याच दिवशी वेलाला पाणी घालत होते. पूजा बंद असते, पाणी नाही, म्हणाले. तुला ठाऊक नसणार, तेव्हाही तू आली नव्हतीस. रागानं लिहीत नाही. मलाही हल्ली काही वाटत नाही. मुलांना वेदांची संथा देतो, जेवतो, झोपतो.

निनादरावांना नमस्कार. जिवाला जप, आमची आठवण असू दे.

तुझा देवदत्त

विनिपेग, २६ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खरवडून पाहिलं. मुळापर्यंत तपकिरी आहे. निनाद दुसरी जुई आणू म्हणाला. तू सांगितलंस तशी कुंडी तळघरात ठेवली आहे आणि काल पाणीही घातलं. मेली आहे हे मला कळतं.

तीनच दिवस पाळले असते तर चौथ्या दिवशी ती आत आली असती. दादा, बाबांसाठी मी एवढं एकच केलं होतं.

आले नाही तरी लोभ ठेव.

मालविका