नितीनची नाइट शिफ्ट

१२ सप्टें. २००६, मंगळ.
आज खोटं बोलले. समोरच्या जिग्नाबेन जिन्यातच आडव्या आल्या. "भाईसाब दिनभर घर पे? नौकरी छूट गयी क्या?" काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडून आलेली मी, डोकंच चालेना. म्हटलं, "नहीं नहीं, कॉल सेंटर में लग गये. नाइट शिफ्ट." कंपनीची गाडी उशिरा येते, तुम्ही झोपल्यावर, हेही ठोकून दिलं. "हाय हाय, बिचारे!" म्हणाल्या.
घरात बिचारे सकाळी होते तसेच. भिंतीकडे तोंड. मे महिन्यात नोकरी सोडली तेव्हापासून हेच.
"नितीन, जेवलास?" "हं." हं म्हणजे नाही, हे आता कळतं मला.

१७ सप्टें., रवि.
डॉक्टरकडे नेलं एकदाचं, भाईंदर वेस्टला. रिक्षात अक्षर बोलला नाही. डॉ. म्हणाले डिप्रेशन. आळस नाही, आजार आहे. गोळ्या दिल्या, गुण यायला वेळ लागेल. मला म्हणाले, "तुम्ही धीर धरा." तो कुठल्या मेडिकलमध्ये मिळतो ते मात्र लिहून दिलं नाही.
येताना म्हटलं, पालीला समुद्रावर जाऊ या का? लग्नाआधी बाइकवरून न्यायचा. खडकावर बसून इतकं बडबडायचा की मला तोंड उघडू द्यायचा नाही. आज म्हणाला, "दमलोय गं."
दमलाय! कशाने?? बरं झालं इथे लिहिलं, तोंडावर नाही बोलले.

२५ सप्टें., सोम.
अख्खा मजला नि.ची झोप जपतोय. जिग्नाबेन दुपारी कुकर लावत नाहीत. पॅसेजमधलं पोरांचं क्रिकेट बंद. गरब्याच्या स्पीकरचं टेस्टिंग दिवसा करायचं नाही, असं कमिटीत ठरलं म्हणे. आज थेपल्यांचा डबा आला, "रातभर जागते हैं ना."
थेपले मी खाल्ले. ओट्याशी उभ्यानेच. आणि खाता खाता रडायलाच लागले. दोघांचं रांधायचं, कामावर मरायचं, त्याच्या गोळ्या बघायच्या, वर हसून जिना चढायचा. माझ्या झोपेचं कुणाला काही पडलंय का?

२ ऑक्टो., दसरा
सोनं दिलं. घेतलं त्याने, उशीखाली ठेवलं.
दुपारी त्याच्याजवळ जाऊन पडले. छातीवर हात ठेवला. ठेवू दिला, बस, तेवढंच. दुकानाच्या काउंटरवर हात ठेवावा तसं वाटलं. माझी मलाच लाज वाटली. मग राग आला. मी अजून म्हातारी नाही झाले.

८ ऑक्टो., रवि.
जिग्नाबेन भाच्याला घेऊन दारात. "भाईसाब को बोलो, इसको भी कॉल सेंटर में लगवा दो." झोपलेत, असं सांगतेय तोवर हा स्वतःच बाहेर आला. मळकं बनियन, दाढी वाढलेली.
"मैं कहीं नहीं जाता, भाभी. डिप्रेशन है मुझे, गोली चालू है. ये झूठ बोलती है."
किती दिवसांनी सलग बोलला, आणि बोलला काय तर हे! जिग्नाबेन भाच्याचा हात धरून निघून गेल्या.
मग मी जे ओरडले. "तुझी अब्रू झाकत होते मी!" तर शांतपणे म्हणाला, "माझी की तुझी?"


१२ ऑक्टो., गुरु.
कुकरच्या शिट्ट्या परत सुरू. पोरांचा बॉल धाडधाड दारावर. जिग्नाबेन मला बघून कुलूपच चाचपत बसतात. नाइट शिफ्टला थेपले मिळतात, या आजाराला काही नाही मिळत.
ठाण्याला ताईला फोन केला. म्हणाली, "ये दिवाळीला, हवं तितकं राहा. आणि त्याचं त्याला बघू दे जरा." बॅग भरली, पलंगाखाली ठेवली. परत येईन की नाही, माहीत नाही. नि.ने बॅग पाहिली. विचारलं नाही.
नुसतं विचारलं असतं तरी...

१६ ऑक्टो., सोम.
आज जायचं होतं. सकाळी उठवेचना. ताप नाही, काही नाही, अंगच उचलेना. गोडाऊनला फोन करून येत नाही म्हटलं आणि पडले, नि.च्या शेजारी, त्याच्याचसारखी भिंतीकडे तोंड करून. दमणं म्हणजे हे असतं का रे?
अकराच्या सुमारास बेल. इस्त्रीवाला. मेला कोकलतो असा की खालपर्यंत ऐकू जावं. म्हटलं, उठा बाई, दुसरं आहे कोण. तेवढ्यात पलंग हलला. नि. उठला. दार उघडलं.
"धीरे बोल भाई. मॅडम सोयी है. नाइट शिफ्ट है उनकी."
मला खोटारडी म्हणणारा माणूस!
मग बेलचं बटण बंद केलं आणि येऊन पडला. मी झोपेचं सोंग घेतलेलं. उशी ओली झाली. चीडही आली, एवढ्याशावर विरघळतेस होय गं? इतके महिने काय मग? आणि मग खरंच झोप लागली.
उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. तो पुन्हा भिंतीकडे. म्हणाला, ताईचा फोन येऊन गेला, कधी निघतेयस विचारत होती.
"मग काय सांगितलंस?"
"झोपलीये म्हटलं."
बॅग अजून पलंगाखालीच आहे. भरलेली.